डिझेल इंजिनाची गळती : दिसणारी व न दिसणारी

विहिरीवरील डिझेल पंपाखाली किंवा ट्रॅक्टर उभा राहतो त्या जागी पुष्कळदा काळसर ओला डाग दिसतो. इंजिन म्हटले की थोडेफार गळावयाचेच, अशी समजूत करून घेऊन त्याकडे दुर्लक्ष करण्यात येते. हे गळणे किती आहे ते एकदा मोजून पाहावे. डागाच्या जागी पसरट डबा ठेवला व तासाभरात त्यात १०० मिलिलिटर डिझेल जमले, तर दहा तासांच्या पाळीत एक लिटर वाया जाते. पंप विहिरीच्या काठाशी असल्यास हेच डिझेल झिरपून पिण्याच्या पाण्यात उतरण्याची भीती असते. परंतु याहूनही अधिक घातक असते ती जमिनीवर डाग न पाडणारी गळती.

प्रथम गळणारा पदार्थ डिझेलच आहे याची खात्री करावी. पांढऱ्या कागदावर थेंब घेतल्यास डिझेल पातळ व फिकट दिसते, त्याला उग्र वास येतो आणि डाग बराच वेळ तेलकट राहतो. वंगणाचे ऑइल दाट व तपकिरी किंवा काळे असते. टाकीच्या झाकणापाशीच ओल असेल, तर पाना हाती घेण्याचे कारण नाही. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारच्या उन्हात ओसंडते. ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान पाऊण लिटरहून अधिक वाढते. टाकीत थोडी जागा मोकळी ठेवली की हे गळणे थांबते.

अन्यथा इंजिन थंड असताना टाकी, नळ्या, फिल्टर व पंप चिंधीने पुसून कोरडे करावेत आणि सांध्यांवर खडूची भुकटी भुरभुरावी. थोड्या वेळाने भुकटी जेथे प्रथम ओली होते, तेथे दोष आहे असे समजावे. डिझेल खाली ओघळते, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही उडते. म्हणून सर्वांत खालचा नव्हे, तर सर्वांत वरचा ओला सांधा शोधावा. असा शोध न घेता दिसेल तो नट आवळीत सुटण्याची सवय वाईट. तिने आटे जातात व एका गळतीच्या जागी दोन होतात.

सांध्यातील तांब्याचा वॉशर दबून कठीण झालेला असेल तर नवा घालावा. नवा जवळ नसल्यास जुना वॉशर इंजिनापासून दूर नेऊन लाल होईपर्यंत तापवावा व पाण्यात टाकावा. लोखंडाचे पाते विझविल्याने कडक होते, म्हणून हा उपाय अनेकांना उलटा वाटतो. तांबे मात्र याने मऊ होते. वरची काजळी घासून काढून वॉशर पुन्हा बसवावा. रबरी नळी टोकाला चिरली असल्यास व लांबी पुरेशी असल्यास तेवढा भाग कापून नवी क्लिप लावावी. सर्वच नळी कडक झाली असेल तर ती बदलावी.

आता न दिसणाऱ्या गळतीकडे वळू. ज्या इंजिनात पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तेथे टाकी व पंप यांमधील सांधा सैल झाला तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. इंजिन सुरू होते, अडखळते व बंद पडते. खाली मात्र थेंबही दिसत नाही. अशा वेळी नोझल बिघडले असे समजून विनाकारण खर्च केला जातो. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. इंजिनाने पुन्हा पुन्हा हवा धरली, तर ओढीच्या बाजूचा प्रत्येक सांधा तपासावा. नुसती हवा काढून दोष जात नाही.

दुसरा प्रकार अधिक नुकसानीचा. काही इंजिनांत डिझेल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटला किंवा मोठ्या पंपाचे सील गेले की डिझेल थेट चेंबरमधील ऑइलात मिसळते. पट्टी काढून पाहिली असता ऑइलची पातळी वाढलेली दिसते. इंजिन ऑइल मुळीच खात नाही, म्हणून मालक उलट संतुष्ट असतो! वस्तुतः ऑइल पातळ होऊन बेअरिंगे उघडी पडत असतात. पातळी आपोआप वाढली व पट्टीला डिझेलचा वास आला, तर इंजिन त्या क्षणापासून चालवू नये. दोष दुरुस्त करून, ऑइल व त्याचा फिल्टर बदलूनच ते सुरू करावे.

पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीतील दाब साध्या इंजिनातही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो असतो. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत तो याच्या कितीतरी पट असतो. या नळीच्या बारीक भेगेतून निघणारी धार डोळ्यांना धुक्यासारखी दिसते, पण ती कातडी भेदून मांसात शिरते. ती बोटाने चाचपडणे सर्वस्वी निषिद्ध होय. पुठ्ठा लांबून धरावा. तो ओला झाला की जागा कळते. धार हातात शिरल्यास जखम टोचल्याएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही. तरीही रोग्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांच्या विलंबाने बोट किंवा हात गमवावा लागतो. हेच धुके तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर पेट घेते. ही नळी चालू इंजिनावर आवळू नये, झाळू नये, वाकवू नये. तितक्याच लांबीची व छिद्राची नवी नळी बसवावी. कॉमन रेल इंजिनाचे हे काम जाणकार मिस्त्रीकडेच सोपवावे.

टाकीच्या चिरेवर धुण्याचा साबण दाबून बसविण्याची गावोगावची युक्ती घरी पोहोचण्यापुरती ठीक आहे. तशी टाकी वेल्डिंगला नेताना मात्र ती रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते व ठिणगीने ती फुटते. टाकी उतरवून, आतून पूर्ण स्वच्छ व वाफरहित करून देणाऱ्या कारागिराकडेच हे काम द्यावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील वेल्डिंगवाल्यास ही गोष्ट स्वतः जाऊन समजावून सांगणे जरूर आहे.

दुरुस्तीनंतर इंजिन अर्धा तास चालवून बंद करावे व त्याच सांध्यांवर कोरडा कागद फिरवून पाहावा. डिझेलने भिजलेल्या चिंध्या पंपघरात साठवू नयेत.