घराचं वाळवण

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर चार दिवस अकरा पंखे चालू होते. छताचे नव्हेत, जमिनीवर ठेवायचे, निळ्या प्लॅस्टिकच्या कवचातले, शंखासारखे. बाजूने हवा ओढायची आणि चपट्या तोंडातून भिंतीच्या पायथ्याशी फेकायची, एवढंच त्यांचं काम. इथे अमेरिकेत पाणी निस्तरणाऱ्यांच्या धंद्यात त्यांना 'स्नेल' म्हणतात, म्हणजे गोगलगाय. आवाज मात्र विमानतळाचा. फोनवर तो ऐकून चिपळूणहून आई म्हणाली, "पाणी काढलं ना? फरशी पुसली ना? मग आता हे पंखे वारा घालतायत कुणाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

२०२२च्या नाताळाच्या तोंडावर निम्म्याहून अधिक अमेरिका गोठली. न्यू जर्सीत शुक्रवारी सकाळी पाऊस होता आणि रात्री पारा शून्याखाली दहाच्याही पलीकडे गेला. आम्ही चार दिवस बोस्टनला मित्राकडे गेलो होतो आणि जाताना काटकसर म्हणून हीटर अगदी खाली करून गेलो होतो. गोठलेला बर्फ नळ फोडतो, असा माझा समज होता. खरं तर बर्फाचं बूच बसतं, आणि ते बूच व बंद तोटी यांच्या मधे कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. नळ फुटतो तो त्या कोंडीत, कधी बर्फापासून बराच लांब. फुटल्याचं कळतं ते बर्फ वितळल्यावर. आम्ही दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघराचं छत पाण्याने भरलेल्या पखालीसारखं लोंबत होतं.

पाणी निस्तरणाऱ्या कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी उगवली, कारण त्या आठवड्यात सगळ्या गावाचे नळ फुटले होते. दोन तरुण आले. त्यातला मोठा इक्वेडोरचा. मला वाटलं, आता बादल्या, मॉप, धावपळ. त्याने खिशातून दोन सुयांचं एक यंत्र काढलं, सोफ्यामागे वाकला आणि जी भिंत मला ठणठणीत कोरडी दिसत होती तिच्यात टोचलं. यंत्र केकाटलं. वीतभर वर टोचलं. पुन्हा केकाटलं. गुडघ्याच्या वर गेल्यावर गप्प झालं. तिथे त्याने निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. असं करत त्याने घरभर पाण्याची रेघ आखली. डोळ्यांना दिसणारं पाणी आणि त्याच्या पट्टीतलं पाणी यांत दीड-दोन फुटांचं अंतर होतं.

हा सगळा धंदा त्या अंतरावर उभा आहे.

अमेरिकन उपनगरातलं घर बाहेरून कितीही भक्कम दिसो, आतून ते लाकूड आणि कागद. सोळा-सोळा इंचांवर लाकडाचे उभे वासे, मधल्या पोकळीत काचतंतूंचा कापूस आणि वरून ड्रायवॉल. ड्रायवॉल म्हणजे जिप्समची अर्धा इंची वडी, दोन्ही बाजूंनी जाड कागदात गुंडाळलेली. ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४मध्ये तिच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो घरं घाईने उभी करायची होती, तेव्हा ओल्या गिलाव्याची वाट बघायला कुणाला सवड नव्हती. आठ बाय चारचे तक्ते खिळ्यांनी ठोकले की भिंत तयार. गंमत अशी, की नावात 'ड्राय' असलेली ही भिंत पाणी पिते वातीसारखी. जमिनीवर दोन इंच पाणी साचलं तर ते तिच्यातून फूटभर सहज चढतं. आतला जिप्सम मऊ पडतो, आणि बाहेरचा कागद म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य. अमेरिकी सरकारची पर्यावरण संस्था सांगते, की ओली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवली तर बहुधा बुरशी धरत नाही. आमच्या घराचे किती तास आधीच गेले होते ते नळालाच ठाऊक.

मग त्यांनी पाण्याची जात ठरवली. 'जात' हा माझा शब्द. त्यांच्या पुस्तकात तीन वर्ग आहेत. नळाचं स्वच्छ पाणी पहिल्या वर्गात, वॉशिंग मशीनचं दुसऱ्या, गटाराचं आणि पुराचं तिसऱ्या. पहिल्या वर्गाचं पाणी पडून राहिलं की खालच्या वर्गात उतरतं. वर चढायची सोय नाही. या पुस्तकाचं नाव 'एस-५००'. तपासणी, सफाई आणि दुरुस्ती करणाऱ्यांना प्रमाणपत्रं देणाऱ्या आयआयसीआरसी या संस्थेने ते १९९४मध्ये पहिल्यांदा छापलं. तोवर हे काम गालिचे धुणारे आणि रंगारी आपापल्या अनुभवाने करायचे. आज गावोगाव ज्यांच्या हिरव्या गाड्या दिसतात ती सर्व्हप्रो १९६७मध्ये कॅलिफोर्नियात रंगकामाची कंपनी म्हणून निघाली. सर्व्हिसमास्टर तर १९२९ची, आणि तिचं मूळ काम कपड्यांना आणि गालिच्यांना कसर लागू नये याचा बंदोबस्त. कसरीपासून बुरशीपर्यंतचा प्रवास तसा सरळच म्हणायचा.

आता आईच्या प्रश्नाकडे. पंखे वारा घालत होते भिंतीला. ओल्या पृष्ठभागाला दमट हवेची एक पातळ साय चिकटून असते. ती हलवल्याशिवाय आतलं पाणी बाहेर येत नाही. पंखा ती साय सोलून काढतो. पण मग ते पाणी खोलीच्या हवेत जातं, आणि तिथे ठेवलं तर पडद्यांत, पुस्तकांत, छतात जाऊन बसतं. म्हणून पंख्यांच्या जोडीला हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र लागतं, डीह्युमिडिफायर. खरं तर या धंद्याचा कर्ता पुरुष तोच. पंखे नुसते वरातीतले वाजंत्री.

आमच्याकडे अशी दोन धुडं आली होती, चाकांवरच्या कपाटाएवढी. आत थंड नळ्यांची जाळी असते. दमट हवा तिच्यावरून गेली की थंड पाण्याच्या तांब्यावर जमतं तसं दव जमतं आणि नळीवाटे सिंकमध्ये जातं. फ्रीजचंच हे भावंड, फक्त थंडी आणि गरमी दोन्ही खोलीतच सोडणारं. त्यामुळे बाहेर बर्फ आणि आत मे महिना. त्यातही एक खुबी आहे: हवा जसजशी कोरडी होते तसतसं साधं यंत्र थकतं, कारण आता दव जमायलाच तयार नसतं. धंदेवाईक यंत्रात येणारी हवा बाहेर पडणाऱ्या गार हवेकडून आधीच निववून घेतात, म्हणजे शेवटचा चिवट दमटपणाही ओढता येतो. असं एक यंत्र चांगल्या दमट हवेतून दिवसाला साठेक लिटर पाणी काढतं. हवेतलं पाणी ते 'ग्रेन'मध्ये मोजतात, सात हजार ग्रेनचा एक पौंड. ग्रेन मुळात सातूचा दाणा. सोनाराची गुंज आणि हा सातू, नातेवाईकच. उपग्रहाच्या देशात ओल अजून दाण्यांनी मोजतात याचं मला फार बरं वाटलं.

केटल लावली की ब्रेकर उडायचा. चहासाठी एक पंखा बंद करायचा, पाणी उकळलं की पुन्हा लावायचा. इक्वेडोरच्या पोराला हे कळलं तेव्हा तो खवळला. पंखे वाट्टेल तसे ठेवलेले नव्हते. एकाने फेकलेला वारा दुसऱ्याने पुढे न्यायचा, असा घरभर फेरा लावला होता. आईच्या अंगणातल्या कुरडया आठवल्या. सकाळी या बाजूला, दुपारी त्या बाजूला, संध्याकाळी वर फडकं. मग मी आईला तिच्याच भाषेत सांगितलं: "घराचं वाळवण घातलंय." ती लगेच म्हणाली, "मग घाईने उचलू नका हो. वरनं कडक आणि आतनं दमट राहिलं की डब्यात बुरशी येते." एस-५००चं सार एवढंच.

उचलायचं कधी, हे ठरवण्याची रीत मला सगळ्यात आवडली. त्याने वरच्या मजल्यावरच्या कोरड्या कपाटात जाऊन तिथल्या लाकडात सुया टोचल्या. दहा. म्हणजे या घराचं कोरडेपण दहा. खालचं लाकूड तिथवर आलं की संपलं. घरालाच घराचं माप. रोज येऊन तो एका तक्त्यात आकडे लिहायचा: अठ्ठावीस, बावीस, सतरा. स्वयंपाकघराचं छत मात्र त्याने पहिल्याच दिवशी पाडलं. आणि पुराचं पाणी असतं तर वाळवणाचा प्रश्नच नव्हता. तिथे चार फुटांवर आडवी करवत फिरवून खालची भिंत उचकटून फेकायची. चार फूटच का, तर तक्ता चार फुटी असतो, नवा नेमका बसतो.

आग हे याच धंद्याचं दुसरं अंग, आणि तिथेही अर्धं काम पाण्याचंच, कारण बंबाचं पाणी घरात मुरलेलं असतं. उरलेलं काम धुराचं. धूर गरम असतो आणि गारव्याकडे पळतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या आगीची काजळी लांबच्या बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या सुटांवर सापडते. कोपऱ्यांत काळी जळमटं लोंबतात आणि घरची माणसं शरमतात, की आपण इतके दिवस झाडलं कसं नाही. ती कोळ्याची नसतात. काजळीच्या कणांच्या साखळ्या असतात. ओल्या फडक्याने पुसायला जाणं ही सर्वांत मोठी चूक, तेलकट काजळी भिंतीत रगडली जाते. आधी रबराच्या कोरड्या स्पंजने टिपायचं. सगळ्यात वाईट धूर करपलेल्या मटणाचा: भिंतीवर काही दिसत नाही, नुसता पिवळसर लेप, आणि वास महिनोन्‌महिने.

पैशाची गोष्ट काढली की मात्र या कारागिरीवरची माझी माया थोडी पातळ होते. घराच्या नेहमीच्या विम्यात अचानक फुटलेला नळ बसतो. हळूहळू झिरपलेलं पाणी बसत नाही आणि बाहेरून आत आलेला पूर तर मुळीच नाही. पुरासाठी १९६८पासून सरकारची वेगळी योजना आहे, तिच्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. १ सप्टेंबर २०२१ला 'आयडा' वादळाच्या शेपटाने न्यू जर्सीतली तळघरं भरली, तेव्हा हा फरक कितीतरी जणांना पंपाच्या आवाजात पहिल्यांदा समजला. २०१७च्या 'हार्वी'त ह्यूस्टनची जी घरं बुडाली, त्यातली पुष्कळ नकाशावरच्या पूररेषेच्या बाहेर होती. बुरशीचं प्रकरण आणखी निराळं. २००१मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने बुरशी लागलेल्या एका घराच्या खटल्यात विमा कंपनीला ३ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितले. अपिलात ती रक्कम बरीच खाली आली, पण कंपन्यांनी धसका घेतला आणि पॉलिसींतून बुरशी वगळली किंवा तिच्यावर मर्यादा घातली. त्यामुळे 'ओल' आणि 'बुरशी' या दोन शब्दांमधे आता वकील उभा असतो. आमच्या बिलात पंख्यांचं भाडं नगावर आणि दिवसावर होतं. चौथ्या दिवशी आकडे दहावर आले होते. यंत्रं न्यायला गाडी आली सहाव्या दिवशी. मी विचारलं, कंपनी म्हणाली, गाड्या नव्हत्या. विमा कंपनीने चारच दिवस मान्य केले. उरलेल्या दोन दिवसांवर पत्रं महिनाभर चालली.

आणि हे सगळं करणारी माणसं कोण, तर बहुतेक स्थलांतरित. वादळ जिथे जाईल तिथे व्हॅनमधून जाणारी, हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये पहाटे कामाची वाट पाहणारी. त्यांना संघटित करणाऱ्या 'रेझिलियन्स फोर्स' या संस्थेचा संस्थापक साकेत सोनी मूळचा दिल्लीचा. ऊस तोडायला टोळ्या निघतात तशा या टोळ्या, फक्त हंगामाची तारीख हवामानखातं ठरवतं.

पुढच्या डिसेंबरात चिपळूणला गेलो तेव्हा बॅगेत एक सुयांचं यंत्र होतं. भावाने मागवलं होतं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी त्याच्या घरात छातीपर्यंत आली होती. त्यांनी खराट्याने, फावड्याने चिखल ओढला, पंपाने भिंती धुतल्या, गाद्या आणि फ्रीज रस्त्यावर काढले आणि दारं-खिडक्या उघड्या टाकून थंडीपर्यंत थांबले. जांभ्याचं घर. कापायला काही नाही, कुजायला काही नाही. पण दर पावसाळ्यानंतर कमरेपर्यंतचा रंग फुगतो, पोपडे सुटतात, मिठासारखी पांढरी पूड खाली पडते. दोनदा रंग दिला, दोनदा गेला.

भावाने यंत्र भिंतीत दाबलं. सुया गिलाव्यात धड शिरेचनात. एकदा चाळीस, वीतभर बाजूला शून्य, पुन्हा केकाट. हे यंत्र लाकडासाठी बनवलेलं; दगडाची आणि मिठाची भाषा त्याला कळत नाही. भाऊ हिरमुसला. मग मला कपाट आठवलं. दाराच्या सागवानी चौकटीत, डोक्याच्या वर, पूर जिथे पोचला नव्हता तिथे टोचलं: बारा. छातीशी: बारा. गुडघ्याशी: चौदा. उंबऱ्याला लागून: एकोणीस.

"म्हणजे अजून खालनं येतंय," वहिनी म्हणाली आणि नव्या रंगाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.