पडद्यावरचे ठिपके आणि मार्वेची होडी

कांदिवलीकरांना सैन्य दिसतं ते पूर्वेला लष्कराच्या सीओडी या भांडाराच्या कुंपणाशी, नाहीतर पश्चिमेला मार्वेच्या आयएनएस हमला या नौदल तळापाशी. आपल्या किनाऱ्याची राखण करणारं संगणकांचं जाळं मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही. त्याचं मुख्य केंद्र समुद्रापासून लांब, गुरुग्रामला आहे. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याचं उद्घाटन केलं. नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ ठाणी या जाळ्याने एकमेकांना जोडली.

अशा जाळ्याची गरज उपनगरांनी डोळ्यांनी पाहिली होती. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं ‘पवित’ हे जहाज महिनाभर वाहत आलं आणि जुलै २०११च्या अखेरीस थेट जुहूच्या वाळूत रुतलं. तोवर त्याला कुणी अडवलं नव्हतं.

किनाऱ्यावरचं रडार सांगतं की अमुक दिशेला, इतक्या अंतरावर काहीतरी आहे. ते काय आहे, हे त्याला कळत नाही. मोठ्या जहाजांवरचं एआयएस यंत्र जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत कळवत असतं. संगणक या दोन्ही खबरी ताडून एका जहाजाचा एकच ठिपका पडद्यावर ठेवतो. रडारला दिसतंय पण नाव सांगत नाही, असा ठिपका उरला की तो संशयित. मग जवळची गस्ती नौका कोणती, विमान पाठवायचं का, हे अधिकारी ठरवतो. हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची ‘आकाशतीर’ या यंत्रणा हेच काम आकाशासाठी करतात, फक्त तिथे निर्णयाला हाताशी सेकंदच असतात.

पण २६/११च्या हल्लेखोरांना घेऊन आलेली ‘कुबेर’ या पडद्यावर आली असती, तरी काय दिसलं असतं? पोरबंदरची एक मासेमारी नौका, हजारोंतली एक. ती बळकावली गेली आहे, हे कुठल्याच रडारला कळत नाही. बधवार पार्कला उतरलेल्या त्या दहा जणांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. शंका आली होती, ती वेळेत वर पोचली नाही.

म्हणून या यंत्रणेची खरी परीक्षा गुरुग्रामच्या पडद्यापेक्षा मढ-मार्वे-मनोरीच्या बंदरांवर होते, असं माझं ठाम मत आहे. २० मीटरपेक्षा लहान होड्यांना एआयएसची सक्ती नाही आणि इथल्या कितीतरी होड्या त्याहून लहानच. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी मासेमारी नौकांसाठी इस्रोच्या तंत्रावर बेतलेली दुहेरी संपर्क यंत्रं देशभर बसवण्याची योजना सुरू केली. लक्ष्य एक लाख नौकांचं. तांडेल त्यावरून संकटाचा निरोप पाठवू शकतो, वादळाचा इशाराही त्याच यंत्रावर येतो. आपल्यावर नुसती पाळत नाही, आपल्याला आधारही आहे, हे कोळ्याला पटलं तरच तो ते यंत्र चालू ठेवील आणि अनोळखी होडी दिसली की सागरी पोलिसांचा १०९३ लावील.