गोड वास आला तर गाडी थांबवा

२०२४ सालच्या चतुर्थीची गोष्ट. सासुरवाडीचा पाच दिवसांचा गणपती पोचवून आम्ही डिचोलीहून बेळगावला परत निघालो होतो. सौ., दोन मुले, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर नेवऱ्यांचा भला मोठा डबा. साखळी, केरी मागे पडले, चोर्ला घाट सुरू झाला आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. धुके इतके, की पुढचे वळण दिसेना.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर सौ. म्हणाली, “अहो, कसला तरी गोड वास येतोय.”

“डबा उघडा राहिला असेल,” मी म्हणालो. आईने डबा तपासला. झाकण घट्ट होते. मी दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने काच आतून धुरकट झाली. पुसली तरी चिकट ओल राहिली. इंजिनचा काटा मघाशी वर चढला होता, तो आता खाली आलेला दिसला, म्हणून मला उलट बरेच वाटले. सौ.ला मात्र राहवेना. “आधी थांबवा गाडी,” ती एवढ्या निग्रहाने म्हणाली, की मी मुकाट्याने कडेला घेतली. बॉनेटमधून वाफ निघत होती. इतका वेळ ती आम्हाला धुके वाटत होती.

वीस वर्षांची सोबत

आमची जिप्सी बाबांनी २००४ साली लष्कराच्या लिलावातून घेतली. ही गाडी १९८५ साली बाजारात आली आणि तीसहून अधिक वर्षे बनत राहिली. बेळगावच्या रस्त्यांवर ती लष्करी रंगातही पुष्कळ दिसायची. आमच्या गाडीला हीटर आहे. बेळगावच्या हवेत त्याचे बटण आम्ही कधी फिरवल्याचे आठवत नाही. बाबा जाऊन सहा वर्षे झाली होती. घरात नवी गाडी आली, पण पावसाळ्यात चोर्ल्याला जिप्सीच न्यायची, हा त्यांचा नियम मी पाळत आलो. ऑइल वेळेवर बदलत होतो, दर रविवारी गाडी धूत होतो. म्हणजे आपण गाडी सांभाळतोय, अशी माझी समजूत होती.

घाटात केरीच्या एका पिकअपवाल्याने गाडी थांबवली. त्याने बॅटरी मारून आत पाहिले आणि म्हणाला, “पळयात, पायप फुटला.” इंजिनकडून हीटरकडे जाणारा, अंगठ्याएवढा जाड रबरी पाइप टोकाशी उभा फाटला होता. आम्ही चांगला तासभर इंजिन थंड होऊ दिले. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मग त्याने फाटलेला तुकडा कापून टाकला, उरलेल्या पाइपाने हीटरला वगळून इंजिनकडचे दोन्ही नळ एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या. पाणी घाटातल्या झऱ्याचेच भरले. पैसे विचारले तर हसून गेला. आईने त्याच्या हातात मूठभर नेवऱ्या ठेवल्या.

काटा का खाली आला?

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेजवळच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काय ओ, पाइप कधी बदललासा?” मला उत्तर देता आले नाही.

त्यांनी समजावले ते असे. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेले की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि काटा खोटे सांगू लागतो. चढावर काटा चढून अचानक खाली आला, तर इंजिन थंड झाले असे समजू नये. त्याच क्षणी गाडी बंद करावी. आम्ही आणखी दोन-तीन किलोमीटर रेटले असते तर हेड वाकले असते, गॅस्केट गेले असते. पाइपाला काही शे रुपये लागतात, त्या कामाला कित्येक हजार.

गोड वास होता तो कूलंटचा. हीटरपाशी गळती झाली की तो वास, काचेवरची चिकट ओल आणि पायाखालची ओली मॅट या तीन खुणा दिसतात. हीटर वापरा किंवा वापरू नका, इंजिनचे गरम, दाबाखालचे पाणी त्याच्या पाइपापर्यंत पोचतेच. रेडिएटरचे झाकण हा दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी थेट तोंडावर येते.

पाइप कसे ओळखावे, कसे बदलावे

रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. शिवाय हे पाइप बऱ्याचदा आतून चिरतात. बाहेरून काळेभोर, गुळगुळीत दिसणारा पाइपही आतून संपलेला असू शकतो. इंजिन पूर्ण थंड असताना पाइप मधोमध दाबून पाहा, मग दोन्ही टोकांशी दाबा. टोके मधल्या भागापेक्षा मऊ लागली, आतून करकर जाणवली, कुठे फुगवटा किंवा भेग दिसली, तर तो बदला. ऑइल लागून लिबलिबीत झालेला पाइपही बाद समजावा. साधारण चार-पाच वर्षांनी सगळे पाइप एकदम बदलणे शहाणपणाचे: रेडिएटरचा वरचा, खालचा, हीटरचे दोन आणि इंजिनलगतचा छोटा बायपास. हा छोटा हमखास विसरला जातो.

हीटरच्या नळावरचा जुना पाइप ओढून काढू नये. ती नळी पातळ असते, वाकली किंवा तुटली तर अख्खा हीटर जातो. पाइप ब्लेडने उभा चिरावा आणि सोलून काढावा. नळाचे तोंड घासून साफ करावे. नवा पाइप चढवताना ग्रीस-ऑइल न लावता कूलंटनेच ओला करावा. जुना तुकडा दुकानात नेऊन जाडी जुळवावी. वळणदार पाइपाच्या जागी सरळ पाइप वाकवून बसवू नये, तो दुमडतो आणि पाणी अडते. क्लिप नळाच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, रबर कापेल इतकी आवळू नये.

शेवटी अर्धे कूलंट, अर्धे डिस्टिल्ड वॉटर भरावे. गाडीचे तोंड थोडे चढाला ठेवून, हीटरचे बटण गरमवर करून, थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे. वरचा पाइप गरम होऊ लागला, बुडबुडे थांबले, की पातळी पुरी करून झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी. जुने कूलंट अंगणात सांडू नये. ते विषारी असते आणि गोड असल्याने कुत्री-मांजरे चाटतात.

बाबांची वही

घरी आल्यावर गाडीच्या कागदांत बाबांची छोटी वही सापडली. ऑइल, फॅन बेल्ट, बॅटरी, सगळ्याच्या तारखा. एका पानावर लिहिले होते, “होज पाइप सर्व बदलले, मार्च २०१४.” त्याखाली दुसरी ओळ, “पुढील २०१९.” २०१९ साली बाबा नव्हते. गाडी मी घेतली होती, वही मात्र उघडली नव्हती.

मी त्याखाली नवी तारीख लिहिली आणि पुढे “२०२९” असे घातले. धाकट्याला ते पान दाखवून ठेवले आहे. काढलेल्या पाइपांपैकी बरा एक, दोन क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याचा कॅन आता कायम गाडीत असतो.

त्यानंतर चोर्ला कितीदा तरी चढलो. नेवऱ्यांचा डबा असतोच. पण गोड वास आला, की मी आधी गाडी थांबवतो, मग आईला डब्याचे विचारतो.