तीच पेटी पुन्हा, की नवी?

खेळण्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या पालकांपुढे पडणारा एक प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील पहिल्या प्रकरणाचा असतो; तो त्या नावाने ओळखला जात नाही, इतकेच. घरात जोडणीच्या खेळण्याची एक पेटी आहे. वाढदिवसासाठी बाजूला काढलेल्या पैशांत आणखी एकच पेटी येऊ शकते. ती वेगळ्या चित्राची घ्यावी, की आहे तीच पुन्हा घ्यावी? ‘तीच कशाला पुन्हा?’ असे म्हणून बहुतेक जण नवी पेटी उचलतात. अशा खेळण्यांचे प्रौढ संग्राहक आज जगभर आहेत आणि तेही या पेचातून सुटलेले नाहीत. मात्र हे उत्तर वाटते तितके निर्विवाद नाही.

नव्या पेटीच्या बाजूने अर्थशास्त्रातला एक जुना सिद्धान्त उभा आहे. हर्मान गोसेन या जर्मन विचारवंताने १८५४ मध्ये तो मांडला. एकाच वस्तूचे नग वाढत गेले की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते. चहाचा पहिला पेला जी तरतरी देतो ती तिसरा देत नाही. या न्यायाने दुसरी तीच पेटी म्हणजे पैशांचा अपव्यय ठरतो. परंतु त्याच शास्त्रात पूरक वस्तूंचाही विचार आहे. गाडीचे एक चाक निरुपयोगी असते. दुसरे चाक आले म्हणजे पहिल्याचे मोल घटत नाही, उलट वाढते. जोडणीचे खेळणे यांपैकी कोणत्या वर्गात पडते, हा खरा प्रश्न आहे.

वस्तुतः ते एकाच वेळी दोन्ही वर्गांत पडते. पेटीवरच्या चित्रातील तयार मोटार किंवा किल्ला ही एक वस्तू. पेटीतील सुटे भाग ही दुसरी. चित्राला गोसेनचा सिद्धान्त लागू पडतो, कारण तीच मोटार दोनदा बांधण्यात फारसा आनंद नाही. सुट्या भागांना मात्र चाकाचा न्याय लागतो. ग्राहक पेट्या मोजतो आणि खेळणारा भाग मोजतो, म्हणून दोघांचे हिशेब जुळत नाहीत.

हॉर्नबींची युक्ती

हा भेद ज्याने फार लवकर ओळखला तो लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी. त्याने १९०१ मध्ये छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि चाके यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे ते ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले. अनेक मराठी घरांत कोणत्याही कंपनीचा असा संच ‘मेकॅनो’ म्हणूनच ओळखला जाई. छिद्रांमधील अंतर अर्ध्या इंचाचे ठरलेले असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येई. पेट्यांना क्रमांक होते. पहिल्या क्रमांकाची पेटी असणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची पूर्ण पेटी घ्यावी लागत नसे. मधल्या पूरक पेटीने त्याच्या संचाचा दुसरा क्रमांक होई. ही तीच पेटी पुन्हा घेणे नव्हते आणि अगदी निराळी पेटी घेणेही नव्हते. असलेल्या भागांना उणीव असलेल्या भागांची जोड मिळे.

अशा संचातून काय उभे राहू शकते याचे उदाहरण मँचेस्टर विद्यापीठात सापडते. डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी १९३४ च्या सुमारास विकलक समीकरणे सोडविणारे एक यंत्र बव्हंशी मेकॅनोच्या भागांतून तयार केले. पट्ट्या, दांडे आणि दातेरी चक्रे पुरेशा संख्येने हाताशी असल्याखेरीज असे यंत्र उभे राहत नाही.

सहा ठोकळ्यांचे गणित

डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये खेळणी बनविण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘लेगो’ ही कंपनी उभी राहिली. तिच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याच्या आजच्या रचनेचे पेटंट जानेवारी १९५८ मधले असून तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ गुंड्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घेतले तर ते २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. सहा घेतले तर हा आकडा ९१,५१,०३,७६५ होतो. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने तो मांडला. हे सहाही ठोकळे अगदी सारखे आहेत, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. ज्याला दुकानात ‘तेच ते’ म्हटले जाते, त्यातूनच ही अफाट विविधता निघते.

हा धडा खुद्द कंपनीलाही महागात पडून शिकावा लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिने नवनवे खास आकाराचे भाग भराभर वाढविले. २००३ आणि २००४ या वर्षांत ती मोठ्या तोट्यात गेली. त्याची कारणे अनेक होती. पण प्रत्येक नव्या भागासाठी लागणारा साचा खर्चिक असतो, हे त्यांतील एक होते. पुढे सावरताना भागांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आले आणि तेच भाग अनेक पेट्यांत वापरण्यावर भर देण्यात आला.

याचा अर्थ नावीन्य निरर्थक आहे असा नव्हे. पहिल्या दोन-तीन पेट्या वेगवेगळ्या असणेच योग्य, कारण चाक, बिजागरी, दातेरी चक्र हे प्रकार त्यांतूनच घरात येतात. एखाद्या चित्रपटातील पात्रांची पेटी दोनदा घेणेही व्यर्थ. एकाच नायकाची दोन डोकी कोणत्याच बांधकामाला उपयोगी पडत नाहीत. निर्णय घेताना चित्राऐवजी पेटीतील भाग पाहावेत, हाच विवेक. साधे भाग जास्त असतील तर तीच पेटी पुन्हा घेण्यात संकोच नको. खास भाग जास्त असतील तर एक पुरे.

दुसरी पेटी न फोडता ठेवणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. उत्पादन बंद झालेल्या अशा पेट्यांना वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाल्याचे १९८७ ते २०१५ या काळाच्या एका अभ्यासात आढळले. पण त्यासाठी जागा अडते, पैसा गुंतून पडतो आणि कंपनीने तीच पेटी पुन्हा काढली तर भाव कोसळू शकतो. हा व्यापार झाला. तो करण्यास हरकत नाही. मुलाच्या नावावर तो करू नये.

आपल्याकडे या प्रश्नाला अधिक धार आहे. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू काहीही असो, पगारदार कुटुंबाला परदेशी पेटी वर्षाकाठी एखादीच परवडते. दरवर्षी नवे चित्र आले तर मूल ते कागदावरच्या सूचनांप्रमाणे एकदा जोडते आणि कपाटावर मांडून ठेवते. पुढे कधी ते स्वतःच्या मनातले घर बांधू लागते. भिंत अर्ध्यावर येते आणि ठोकळे संपतात. कपाटावर पाच प्रकारच्या मोटारी असतात, त्या मोडण्याची परवानगी नसते, आणि घर तसेच अपुरे राहते. पुढच्या वाढदिवसाला काय आणावे, हे त्या अर्धवट भिंतीकडे पाहून ठरवावे.