शेवाळ आणि सांडपाणी

जुलाब, टायफॉईडचे रुग्ण वाढले, की मी आधी विचारतो, "भाजी कुठल्या पाण्यावरची?" नाल्यावर वाढलेला पालक, मेथी पुष्कळांच्या घरी येते. तेच पाणी आधी उथळ तळ्यात उन्हात ठेवले तर?

कोलकात्याच्या पूर्वेला हे अनेक दशके चालू आहे. तेथील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ क्षेत्राला २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. शहराचे सांडपाणी तिथल्या तळ्यांत सोडतात. जिवाणू मैला कुजवतात. त्यांना लागणारा प्राणवायू पाण्यातले बारीक हिरवे शेवाळ उन्हात तयार करते आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड, शिवाय नत्र व स्फुरद, स्वतःच्या वाढीला वापरते. म्हणजे एकाचा उकिरडा तो दुसऱ्याचे ताट! या शेवाळाच्या आधारावर रोहू, कटला पोसतात आणि बाजारात जातात. पाणी पुरेसे दिवस थांबले, तर जंतांची अंडी तळाशी बसतात आणि उन्हाने बरेच रोगजंतू मरतात.

मात्र कारखान्यांतले शिसे, क्रोमियम शेवाळाने नाहीसे होत नाही. ते पाणी यात मिसळूच नये. तळ्यातला मासाही पूर्ण शिजवूनच खावा.

आपल्या नाल्यावर असे तळे नाही. तोवर कोथिंबीर, मुळा स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा आणि नाल्यावरची पालेभाजी कच्ची खाऊ नका.