एकाची रोजनिशी आणि अनेकांची वही

गतवर्षीं आमच्या पुतण्यानें घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. इंटरनेटवर स्वतःचा 'ब्लॉग' काढून तो दर आठवड्यास एक प्रकरण त्यांत घालूं लागला. भाषा चांगली होती. परंतु तिसऱ्या प्रकरणांत आमच्या थोरल्या आत्याबाईंचें नांवच नव्हतें. बालविधवा होऊन त्या माहेरीं आल्या व पुढें चाळीस वर्षें त्यांनींच हें घर सांभाळलें. आम्ही चूक कळविली. 'पुढील प्रकरणांत लिहितों, काका,' असें उत्तर आलें. मूळ प्रकरण मात्र तसेंच राहिलें.

यांत पुतण्याचा दोष थोडा, साधनाचा अधिक. ब्लॉग ही तारखेच्या क्रमानें चालणारी एका लेखकाची रोजनिशी होय. नवें वर येतें, जुनें खालीं सरतें. मत लेखकाचें, जबाबदारीहि त्याचीच. इतरांनीं फार तर सुचवावें.

'विकि'ची रीत निराळी. अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं पहिलें विकि सुरू केलें. हवाई बेटांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ 'जलद' असा आहे. येथें पान विषयाचें असतें, लेखकाचें नव्हे. ज्यास मुभा आहे तो मूळ मजकूरच दुरुस्त करतो. कोणी, केव्हां, कोणता फेरफार केला याची नोंद 'इतिहास' या सदरांत राहते. मजकूर बिघडल्यास पूर्वीचा पाठ परत आणतां येतो. वादासाठीं चर्चेचें पान वेगळें असतें. २००१ सालीं निघालेला विकिपीडिया याच रीतीनें वाढला. त्याची मराठी आवृत्ति २००३ पासून आहे.

संस्कृतज्ञांस यांत फारसें नवल वाटूं नये. महाभारतहि अनेक हातांनीं वाढलें. परंतु कोणता श्लोक केव्हां शिरला याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील पंडितांस हस्तलिखितें ताडून चिकित्सित आवृत्ति पुरी करण्यास १९१९ पासून १९६६ पर्यंत श्रमावें लागलें. विकींत ही पाठभेदांची वही आपोआप लिहिली जाते.

तथापि अनेक हातांची भाषा एकजीव होत नाहीं, आणि आग्रही मनुष्य दुसऱ्याचें लिहिलेलें पुसूं शकतो. म्हणून प्रवासवर्णन, आठवण, स्वतःचें मत हीं एकानेंच लिहावीं व खालीं आपलें नांव घालावें. जें सर्वांचें आहे तें सर्वांनीं मिळून लिहावें.

पुढें आमचा कुलवृत्तांत घरापुरत्या विकींत गेला. आत्याबाईंचें पान आम्ही आरंभिलें. चौघांनीं त्यांत भर घातली. आमच्या वडील बंधूंनीं 'बालविधवा' हा शब्द काढून टाकला. भाचीनें तो परत घातला. दोन्ही नोंदी तेथें आहेत. पुढील पिढीस आत्याबाई कळतील, आणि त्यांचें दुःख नांवानें सांगावयास आम्ही किती कचरत होतों, हेंहि कळेल.