परसातले खुराडे : काटकसर कुठे करावी, कुठे नाही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु भांडवल, घसारा आणि जोखीम हे जे शब्द आपण परीक्षेसाठी घोकतो, त्यांचा अर्थ सहा कोंबड्यांच्या खुराड्यात जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही. शिवाय आमच्या सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या गावाकडच्या परसात कोंबड्या असतात आणि अंड्यांचे चार पैसे बहुधा घरातील बाईच्या हाती राहतात. म्हणून हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

तो किती गंभीर आहे हे २००६ साली कळले. सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर स्टेशन लागते. ते अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू या नवापुरात जाहीर झाला. थोड्याच दिवसांत शेजारच्या उच्छल येथेही तो आढळला. (उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात होते, २००७ पासून ते तापी जिल्ह्यात आहे.) मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत रोग निघाला. बाधित परिसरातील कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्यांत मोठ्या शेडमधल्या होत्या, तशा गरिबांच्या परसातल्याही होत्या. २०२१ साली नवापुरात हा रोग पुन्हा आला. तेव्हा कोंबड्या पाळायच्या तर त्यांचे घर विचारपूर्वकच बांधले पाहिजे.

प्रथम मापे पाहू. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या सहा देशी कोंबड्यांना रात्रीसाठी चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे भरपूर होते. म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा मिळते. उंची पुढे चार फूट आणि मागे तीन फूट ठेवली की छपराला आपोआप उतार येतो. कोंबडीला रात्री दांडीवर बसायला आवडते. दर कोंबडीला आठ इंच धरले, तर सहा कोंबड्यांना चार फुटांची एकच दांडी पुरते. अंडी घालण्यासाठी एक फूट लांब, रुंद व उंच असे दोन खण पुरेत. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन थेट आत शिरत नाही.

आता काटकसर. सांगाड्याला सागवानाची मुळीच गरज नाही, बांबू पुरतो. डांग आणि तापी भागात तो मुबलक आहे आणि तेथील कोटवालिया समाज पिढ्यानपिढ्या बांबूकाम करीत आला आहे. छपराला जुना पत्रा चालतो. मात्र आमच्याकडचे ऊन कडक, म्हणून त्यावर गवताचा किंवा नारळाच्या झावळ्यांचा थर द्यावा. अंड्यांच्या खणांना फळांची जुनी खोकी चालतात. तळ जमिनीपासून दोन फूट वर घेऊन बांबूच्या कामट्यांचा करावा. कामट्यांत बोटभर फट ठेवली की विष्ठा खाली पडते, आतील जागा कोरडी राहते आणि झाडांना खतही मिळते.

परंतु दोन गोष्टींत पैसा वाचवू नये : जाळी आणि कडी. बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदीर व साप यांना बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच घ्यावी आणि ती कामट्यांच्या तळाच्या कडेपर्यंत घट्ट ठोकावी. दाराला नुसती दोरी न बांधता कडी बसवावी. पायांभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदराला वर चढता येत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, खुराड्याला ३,००० रुपये लागले आणि ते पाच वर्षे टिकले. वर्षाचा घसारा ६०० रुपये. सहा कोंबड्यांनी वर्षाला प्रत्येकी ६० अंडी दिली तर ३६० अंडी होतात, म्हणजे अंड्यामागे घराचे भाडे सुमारे १ रुपया ६७ पैसे. स्वस्त जाळी लावून ५०० रुपये वाचवले, तर हे भाडे १ रुपया ३९ पैसे होईल. बचत झाली अंड्यामागे २८ पैसे. उलट मुंगसाने एका रात्रीत तीन कोंबड्या मारल्या, तर वर्षाची १८० अंडी बुडाली. कोंबड्यांची किंमत वेगळीच. चांगली जाळी हा खर्च नव्हे, तो विम्याचा हप्ता आहे.

जात निवडताना घराचाही विचार करावा. बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज कोंबडी देशीपेक्षा वजनदार असते. तिला जागा अधिक द्यावी आणि दांडी खाली बसवावी.

राहिला रोगांचा प्रश्न. राणीखेत या रोगावर लस आहे. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. दाणा-पाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे रानपाखरे त्यात तोंड घालीत नाहीत. नवी कोंबडी आणली की तिला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्या हातांनी उचलू नयेत, विकू नयेत किंवा शेजाऱ्याला देऊ नयेत. लगेच दवाखान्यात कळवावे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही आणि रोग लपवला म्हणून तो शेजारच्या परसात जायचा राहत नाही. नवापूर-उच्छलने दाखवून दिले की त्याला राज्याची सीमासुद्धा अडवीत नाही.

शहरात राहणाऱ्यांनी बांधकामाआधी महानगरपालिकेचे नियम आणि शेजाऱ्यांची सोय, दोन्ही पाहावीत. सुट्टीत गावी जाणाऱ्या मित्रांना मात्र एवढेच सुचवावेसे वाटते : घरच्या खुराड्याची जाळी एकदा हाताने दाबून पाहा, आणि त्याचा जमाखर्च कोणाच्या वहीत नसेल तर तुम्ही मांडून द्या. आपल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग आईला आजच होऊ शकतो.